सोड, जाळीवर येईल

त्या सकाळी आबांनी मला विचारलं, “वेणू, बार्शीची एसटी लागली का गं?”

मी चहाची पिशवी हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिले. आता तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायचं? आम्ही राहतो कृत्तिका स्थानकावर. हे अवकाशस्थानक (माणसं राहतात असं, पृथ्वीभोवती फिरणारं मोठं यान) जमिनीपासून चारशे किलोमीटर वर आहे. इथे कसली एसटी आणि कसलं बार्शी. आबा चेष्टा करतायत म्हणावं, तर चेहरा अगदी गंभीर होता. ते सामानाची पिशवी शोधायला लागले, मग मध्येच थांबले आणि कपाळ दाबत म्हणाले की डोकं फार ठणकतंय.

आणि दुपारी? दुपारी हेच आबा आईच्या हिशेबातली चूक काढून तिला चिडवत होते. सकाळच्या एसटीचं काही आठवतच नव्हतं त्यांना. मी सांगितलं तर मलाच म्हणाले, वेणू, तुला स्वप्न पडलं असेल.

आबा म्हणजे माझ्या आईचे वडील, डॉक्टर विश्वंभर बारबोले. औषध देणारे डॉक्टर नव्हेत, वनस्पतींचे. वजन जाणवत नाही अशा जागी ज्वारी पिकवायची, या एका गोष्टीमागे त्यांनी सगळं आयुष्य घालवलंय. ज्वारीच्या मुळांना इथे खाली कुठे आणि वर कुठे हेच कळत नाही, ती गोंधळून भलतीकडे वाढतात. आबांनी उजेड आणि पाणी दाखवून दाखवून त्यांना वाट शिकवली. यंदा पहिल्यांदाच कणसं धरली होती. दाणा भरायचा तेवढा बाकी होता, आणि नेमक्या त्याच वेळी आबांच्या सकाळी बिघडायला लागल्या.

आमच्या डॉक्टरमावशी, म्हणजे डॉक्टर शमीम मुजावर, यांनी त्यांना रोज सकाळी तपासायला सुरुवात केली. शंभरातून सात वजा करा, त्यातून पुन्हा सात वजा करा, असं विचारायच्या. आबा पहिल्या वजाबाकीतच अडकायचे. रक्त तपासलं, डोळे तपासले, काहीच सापडेना. हवा मोजणारं यंत्र मोठ्या दालनात आहे, ते म्हणत होतं हवा उत्तम. शेवटी डॉक्टरमावशींनी आईला बाजूला घेतलं आणि हे वयामुळे असावं असं सांगितलं. शुक्रवारी मालवाहू यान खाली जाणार होतं. त्यात आबांसाठी एक खुर्ची राखून ठेवली गेली. या वयात एकदा खाली गेलेल्या माणसाला पुन्हा वर येऊ देत नाहीत. कणसात दाणा भरलेला आबा बघणार नव्हते. आई पाण्याच्या यंत्राशी काम करत होती, पण तिचं लक्ष कामात नव्हतं, आणि मला तर कुणाशी बोलूच नये असं झालं होतं.

आता माझ्या धाकट्या भावाबद्दल सांगायला हवं. सोपान, वय वर्षं नऊ. पसाऱ्यात याचा हात कुणी धरू शकत नाही.

त्यासाठी आधी इथली रीत समजून घ्या. आमच्याकडे वस्तू ‘ठेवता’ येत नाही. चमचा हातातून सोडला की तो पडत नाही, तरंगत राहतो. हवा खेळती राहावी म्हणून जागोजागी पंखे आहेत, आणि ती हवा मोठ्या दालनाच्या टोकाला असलेल्या एका भल्यामोठ्या जाळीतून आत ओढली जाते. तिथे ती गाळून स्वच्छ होते. त्यामुळे सोडलेली प्रत्येक वस्तू हवेबरोबर हळूहळू वाहत जाते आणि सकाळपर्यंत जाळीला चिकटलेली सापडते. प्रत्येक वस्तू चिकटपट्टीनं भिंतीला लावून ठेवायची असा नियम आहे. पण नियम पाळतो कोण? स्थानकावर लहानमोठ्या सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, “सोड, जाळीवर येईल.” पेन हरवलं? जाळीवर येईल. टोपी कुठाय? जाळीवर असेल.

सोपानचा तर अख्खा संसार रोज जाळीवर मांडलेला असायचा. ब्रश, एक मोजा, अर्धवट सोडवलेली गणितं, पुन्हा तोच मोजा. आणि ते सगळं गोळा करून आणायचं कुणी? या वेणूताईनं. मी ओरडले की तो शांतपणे म्हणायचा, “मिळालं ना? मग हरवलं कुठे?” यावर काय बोलणार, कपाळ. एकदा त्याचं एक बनियन मात्र जाळीवर आलंच नाही. आईनं दुसरं काढून दिलं आणि विषय तिथेच संपला.

शुक्रवार जवळ आला तसा सोपान आबांना सोडेना. त्यांच्याच खोलीत झोपायचा हट्ट धरला. आबांची खोली म्हणजे एक कपाट समजा, भिंतीला बांधलेली झोपायची पिशवी आणि समोर थोडी जागा. सोपाननं आपली पिशवी तिथेच शेजारी बांधली.

सकाळी मी त्याला उठवायला गेले तर तो माझ्याकडे परक्यासारखा बघत होता. मी कोण आहे हे विचारलं तर आधी आईचं नाव घेतलं. मोज्यात हात घालत होता. आणि सारखं म्हणत होता, ताई, डोकं दुखतंय. शेजारी आबा, त्यांचंही तेच.

मी घाबरले. त्या दोघांना ओढतच दालनात आणलं. थोड्या वेळानं सोपान ताळ्यावर आला, खायला काय आहे विचारायला लागला. आणि मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. आबांचं एक वेळ वय झालंय म्हणा. पण नऊ वर्षांच्या पोराला म्हातारपण कसं लागेल?

दुपारी आबांचं डोकं स्वच्छ झाल्यावर मी त्यांना ज्वारीच्या पेटीपाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. पण त्यांचे डोळे असे चमकले म्हणून सांगू. म्हणाले, म्हणजे बिघाड माझ्यात नाही, खोलीत आहे. आणि आम्हा दोघांना समोर घेऊन एकेक गोष्ट उलगडायला बसले.

पहिला प्रश्न त्यांनी सोपानला घातला. इथे वस्तू का तरंगतात? सोपान म्हणाला, कारण आपण फार वर आहोत, इथे पृथ्वीची ओढ पोचत नाही. आबांनी मान हलवली. ओढ इथेही आहे, जमिनीवर असते त्यापेक्षा फक्त थोडीशी कमी. आपलं स्थानक खरं तर पडतंयच. पण ते आडवं इतक्या जोरात धावतंय की पडता पडता पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालून पुढे जातं. जमीन गाठायला जावं, तर जमीन आपली वाकून आणखी खाली गेलेली. स्थानक पडतंय, आपण पडतोय, चमचाही पडतोय, सगळे एकाच वेगानं. म्हणून कुणी कुणावर टेकत नाही. यालाच भारहीनता (वजन जाणवत नाही अशी अवस्था) म्हणतात.

मग ते श्वासाकडे वळले. आपण श्वास सोडतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड (शरीराला नको असलेला, उच्छ्वासातून बाहेर पडणारा वायू) बाहेर टाकतो. पृथ्वीवर तो कुठे जातो? श्वास असतो गरम, म्हणून हलका. आजूबाजूची गार हवा जड असते, ती खाली बसते आणि गरम श्वासाला वर ढकलते. नाकापुढे आपोआप ताजी हवा येते. याला अभिसरण (गरम हवा वर आणि गार हवा खाली, असं हवेचं फिरणं) म्हणतात. आईच्या चहाची वाफ वर जाते ती याच कारणानं, असं आबा म्हणाले, आणि मग स्वतःच हसले. इथे आम्ही चहा पिशवीतून नळीनं पितो, सोपाननं वाफ पाहिलेलीच नाही.

“पण इथे तर जड-हलकं काहीच नाही,” मी म्हणाले. “मग श्वास वर कसा जाणार?”

“नाही जात,” आबा म्हणाले. “जिथे सोडला तिथेच, तोंडापुढेच राहतो.”

झोपलेला माणूस हलत नाही. तोच श्वास पुन्हा आत घेतो, पुन्हा बाहेर टाकतो. चेहऱ्याभोवती कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि सकाळपर्यंत डोकं दुखायला लागतं, विचार गढूळ होतात. बाहेर दालनात आलं, खेळती हवा मिळाली, की हळूहळू सगळं ठीक. दालनातल्या यंत्राला हे कळणारच नाही, कारण वाईट हवा तेवढ्या एका खोलीत, झोपणाऱ्याच्या नाकाशी असते. म्हणून तर प्रत्येक झोपायच्या खोलीला पंखा दिलाय.

सोपान गोंधळला. पंखा तर चालू होता, त्यानं घरघर ऐकली होती. माझंही डोकं चालेना. पंखा चालू आहे आणि हवा नाही, असं कसं होईल?

आबा म्हणाले, पंख्याचा आवाज ऐकू नका, हवेला विचारा. त्यांनी कापसाचा एक बारीक धागा पेन्सिलीच्या टोकाला बांधला. खोल्यांबाहेरच्या मार्गिकेत, हवा ओढून घेणाऱ्या झडपेपुढे धरला तर धागा ताठ होऊन झडपेकडे ओढला गेला. मग आबांच्या खोलीत धरला. इथे धागा खाली लोंबकळत नाही, तुमच्या लक्षात आलं असेलच. तो वाकडा होता तसा वाकडाच राहिला. तसूभर हलला नाही.

पंखा खोलीतली हवा ज्या झडपेतून बाहेर ओढतो, ती आबांच्या झोपायच्या पिशवीच्या मागे आहे. फट अरुंद, माझा हात जाईना. सोपानचा गेला. खांद्यापर्यंत हात घालून तो चाचपडत होता, आणि एकदम थांबला. आमच्याकडे पाठ करून थोडा वेळ तसाच राहिला. मग हात बाहेर काढून म्हणाला, “काही नाही तिथे.”

आबांनी पुन्हा धागा धरला. आता धागा ताठ.

आता माझं डोकं पुरतं फिरलं. तिथे काही नव्हतं, कुणी काही केलं नाही, तर मघाशी हवा का थांबली होती आणि आता का सुरू झाली? आबांनी सोपानकडे पाहिलं. काही विचारलं नाही. त्यांना तेव्हाच कळलं होतं की नाही, हे मला अजूनही कळलेलं नाही.

आम्ही सगळे डॉक्टरमावशींकडे गेलो, आईलाही बोलावलं. आबांनी जे घडलं ते तसंच सांगितलं. एक शब्द कमी नाही की जास्त नाही. हवा अडली होती, आता वाहतेय, पण कशानं अडली ते सापडलं नाही. मला वाटत होतं, अहो आबा, थोडं वाढवून सांगा ना, मोठा बोळा सापडला म्हणा. पण आबांना ते जमत नाही.

डॉक्टरमावशींनी नीट ऐकून घेतलं. त्या दुष्ट नाहीत, उलट आबांना पाठवायचं म्हणून त्याच जास्त रडवेल्या झाल्या होत्या. पण त्यांचं म्हणणं होतं की आपोआप अडलेली हवा उद्या पुन्हा आपोआप अडेल, किंवा कारण भलतंच असेल आणि एखाद्या सकाळी आबा गोंधळून चुकीची कळ दाबतील. मग एकट्या आबांचं नाही, सगळ्यांचंच काही खरं नाही. शुक्रवारची खुर्ची त्या रद्द करू शकत नव्हत्या.

“मला कारण द्या आबा,” त्या म्हणाल्या. “एक खरं कारण द्या, मी तुम्हाला जाऊ देणार नाही.”

आईनं आबांचा हात धरला.

सोपाननं सदऱ्याच्या आत हात घातला आणि एक चुरगळलेलं बनियन बाहेर काढलं. धुळीनं करडं झालेलं होतं. त्यानं ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

“हे होतं तिथे,” तो म्हणाला. “माझं आहे. मागे एकदा मी आबांच्या खोलीत काढलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, जाळीवर येईल.”

आणि मग त्याला रडू फुटलं. इथे आसवं गालावरून ओघळत नाहीत, डोळ्यावरच पाण्याचा गोळा होऊन बसतात. त्याला काही दिसेना. डॉक्टरमावशींनी बाहीनं ते पाणी टिपलं. मला त्याचा भयंकर राग आला होता, आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, कोण जाणे.

आबा रागावले नाहीत. काही झालं नाही, असंही म्हणाले नाहीत. ते सोपानच्या समोर आले आणि ज्वारीच्या मुळांबद्दल बोलतात तशा आवाजात समजावू लागले. पृथ्वीवर तू बनियन टाकलं असतंस, तर ते जमिनीवर पडून राहिलं असतं. टाकलं तू, पण धरून ठेवलं जमिनीनं. तिथे निम्मं काम जमीन करते आणि आपल्याला वाटतं, आपणच ठेवलं. इथे जमीन नाही. धरून ठेवणारे आपणच.

सोपान अजून गोंधळलेलाच होता. नाक ओढत म्हणाला, “पण मी सोडल्यावर ते माझ्याकडे नव्हतंच. तरी ते माझंच का?”

“जिथे जाईल तिथे तुझंच,” आबा म्हणाले. “माझ्या नाकाशी येऊन बसलं तरी तुझंच.”

डॉक्टरमावशींनी खुर्ची लगेच रद्द केली नाही. आणखी काही सकाळी बघू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आबा उठले ते चहा फिका झाल्याची तक्रार करतच. शंभरातून सात, त्यातून पुन्हा सात, असं करत शेवटपर्यंत गेले, आणि डॉक्टरमावशींनी मध्ये एक उत्तर चुकीचं धरलं तर त्यांनाच थांबवलं. आई हसायला लागली आणि हसता हसता रडली. त्याच्या पुढच्या सकाळीही तसंच. मग खुर्ची रद्द झाली.

पण डॉक्टरमावशी एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी स्थानकावरच्या प्रत्येक झोपायच्या खोलीची झडप उघडायला लावली. जेवणाच्या वेळी सगळे जमले तेव्हा एका जाळीदार पिशवीत सापडलेलं सामान आणलं. रुमाल, पेनाची टोपणं, हातमोजा, चिवड्याचं रिकामं पाकीट, केसांची क्लिप. कुणाकुणाच्या झडपा निम्म्या बुजलेल्या निघाल्या होत्या. त्यांनी एकेक वस्तू वर धरून विचारलं, हे कुणाचं. मोठमोठी शिकलेली माणसं, पण कुणी छताकडे बघतंय, कुणी नळीतून रस्सा ओढण्यात दंग. सोपान तोंड उघडं टाकून सगळ्यांकडे बघत होता. त्याला वाटायचं, वस्तू फक्त लहान मुलंच सोडून देतात.

शेवटी डॉक्टरमावशींच्या हातात क्लिप उरली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि त्यांचे कान लाल झाले.

“ही माझी आहे,” त्या म्हणाल्या.

मग हळूहळू हात वर व्हायला लागले. रुमाल माझा. ती टोपणं माझी. हातमोज्याला आई पुढे झाली. सोपाननं आईकडे असं काही पाहिलं की तिला पदर नसताना पदराआड तोंड लपवावंसं वाटलं असेल. आता प्रत्येक खोलीत हवा मोजणारं छोटं यंत्र बसवायचं ठरलंय, आणि “सोड, जाळीवर येईल” असं कुणी म्हणालं की बाकीचे त्याच्याकडे रोखून बघतात.

शुक्रवारी मालवाहू यान गेलं. एक खुर्ची रिकामी होती. आबा खिडकीपाशीही आले नाहीत, ते कणसं बघत बसले होते.

काही दिवसांनी दाणा भरला. पांढरा, टपोरा, अगदी बार्शीकडच्या ज्वारीसारखा. मंगळाकडे पुढे एक मोठं यान जाणार आहे, त्याच्यासाठी यातलंच बियाणं लागणार. आबांनी त्यातले चार दाणे काढून सोपानच्या मुठीत दिले आणि म्हणाले, हे मंगळावर पेरायचे, यान निघेपर्यंत तू सांभाळ.

सोपान घाबरला. कुठे ठेवू, विचारायला लागला. आबा म्हणाले, ते मला विचारू नकोस, तू ठरव.

तो खूप वेळ विचार करत राहिला. डबी नको, डबीच सुटली तर? खिसा नको, खिसा उघडा राहिला तर? जेवणाची वेळ झाली तरी त्याचं ठरलं नव्हतं. चमचा डाव्या हातात धरून तो कसाबसा जेवत होता, निम्मी खिचडी तरंगत चालली होती आणि तो पुढे वाकून तोंडानं ती पकडत होता. उजवी मूठ घट्ट मिटलेली. आई त्याला काही म्हणणार होती, पण आबांनी तिला खुणेनं थांबवलं. उद्या मंगळावर ज्वारी डोलेल तेव्हा लोक काय काय सांगतील, कुणास ठाऊक. मी ती सोपानच्या मुठीत पाहिलीय.